सूर्यासारखा म्हणजे किती सारखा?

दोन वर्षांपूर्वी आमच्या बेळगाव भागात झालेल्या एका विज्ञानकथा स्पर्धेच्या परीक्षणाचे काम माझ्याकडे आले होते. परीक्षक आम्ही दोघे. दुसरे गृहस्थ पुण्याहून आलेले, वाचन माझ्याहून जास्त, स्वभावाने मृदू. त्यांच्याशी माझे कोठेही भांडण झाले नाही, हे आधीच सांगून टाकतो. झाले असते तर बरे झाले असते, असे आता वाटते.

आलेल्या कथांपैकी निम्म्याहून अधिक कथांत एक वाक्य थोड्याफार फरकाने येत होते. ‘तो तारा अगदी आपल्या सूर्यासारखाच होता.’ हे वाक्य आले की यान उतरते, नायक डोक्यावरचे शिरस्त्राण काढतो, छातीभरून श्वास घेतो आणि कथा सुरू होते. वाक्याचे काम दरवानाचे. त्याने दार उघडायचे आणि बाजूला व्हायचे. मला ते खटकले नाही. खटकावे तरी कसे? बऱ्याच वर्षांपूर्वी एका दिवाळी अंकात मी आयुष्यातली एकुलती एक विज्ञानकथा लिहिली, तिच्यात हेच वाक्य याच कामावर नेमले होते.

एका कथेत मात्र हे वाक्य नव्हते. दूरच्या ग्रहावर वस्तीला गेलेल्या कुटुंबात एक आजी आहे. पहिल्या सकाळी ती तांब्याभर पाणी घेऊन बाहेर येते, उगवत्या ताऱ्याकडे तोंड करून उभी राहते आणि अर्घ्य न देताच परत फिरते. नातू विचारतो, काय झाले? ती म्हणते, ‘त्याच्यागत दिसतोय. पर त्यो न्हवं.’ पुढे कथा भरकटते, शेवटही लेखिकेला सापडलेला नव्हता. आम्ही तिला उत्तेजनार्थ बक्षीस दिले. ‘गत’ हा शब्दप्रयोग प्रमाण भाषेत बसत नाही, ‘सारखा’ हवे होते, असा शेरा सहपरीक्षकांनी लिहिला आणि त्याखाली मी सही केली. पहिला क्रमांक गेला तो शिरस्त्राण काढणाऱ्या नायकाला.

ती सही मनात राहिली. ‘सूर्यासारखा’ हा शब्द विज्ञानकथेत नेमके काय करतो हे एकदा नीट पाहावे, म्हणून एकाच ताऱ्याभोवती रचलेल्या चार इंग्रजी कादंबऱ्या मी ओळीने पुन्हा वाचल्या. तो तारा म्हणजे टाऊ सेटी. तिमिंगल तारकासमूहातला हा तारा आपल्यापासून सुमारे १२ प्रकाशवर्षांवर आहे आणि नुसत्या डोळ्यांनी दिसतो.

कादंबरीकारांना हाच तारा का सापडला, याला कारण आहे. सूर्यासारख्या पिवळ्या वर्गातला सर्वांत जवळचा तारा खरे तर ‘मित्र’. नरतुरंग समूहातला हा तारा मे महिन्यात रात्री दहा-अकराच्या सुमारास आमच्याकडे दक्षिण क्षितिजापासून फार वर नसलेला असा दिसतो. पण मित्राचा संसार एकट्याचा नाही. त्याला जवळचा एक जोडीदार आहे आणि लांबून फिरणारा तिसरा एक तांबडा खुजा ताराही आहे. एकटा राहणारा, पिवळा आणि जवळचा असा तारा हवा असेल तर टाऊ सेटीच पहिला लागतो. म्हणूनच १९६० च्या एप्रिलमध्ये फ्रँक ड्रेक यांनी अमेरिकेतल्या ग्रीन बँक येथील २६ मीटर व्यासाची रेडिओ दुर्बीण परक्या संस्कृतींचे संदेश ऐकण्यासाठी वळवली, तेव्हा त्यांनी निवडलेल्या दोन ताऱ्यांत तो होता. (दुसरा एप्सिलॉन एरिडनी.) त्या प्रकल्पाचे नाव होते ‘ओझ्मा’, आणि हे नाव फ्रँक बॉम यांच्या ओझच्या मुलांसाठी लिहिलेल्या कादंबऱ्यांतल्या राजकन्येचे! शास्त्रज्ञाने गोष्टीतले नाव उचलले आणि पुढे गोष्टी लिहिणाऱ्यांनी शास्त्रज्ञाचा तारा उचलला. फिटंफाट झाली. संदेश मात्र आला नाही.

आता तपशील पाहा. टाऊ सेटीचे वस्तुमान सूर्याच्या सुमारे आठ-दशांश. त्याचे तेज सूर्याच्या निम्म्याच्या आसपास. लोखंडासारखी जड मूलद्रव्ये त्याच्यात सूर्याच्या जेमतेम एक-तृतीयांश. उलट त्याच्याभोवती धूमकेतू आणि लघुग्रह यांचा जो पसारा आहे तो सूर्यमालेतल्या पसाऱ्याच्या दहा पटींहून जास्त असावा, असे २००४ साली प्रसिद्ध झालेल्या निरीक्षणांतून दिसले. मग हा सूर्यासारखा कसा? शाळेत आपण सगळेच उपमेचे चार घटक घोकून आलो आहोत. उपमेय, उपमान, साधारणधर्म आणि साम्यवाचक शब्द. यांतला एखादा गाळला की ती लुप्तोपमा. ‘सूर्यासारखा तारा’ ही अशीच लुप्तोपमा आहे. उपमेय आहे, उपमान आहे, ‘सारखा’ही आहे. गाळला आहे तो साधारणधर्म. कोणत्या बाबतीत सारखा? रंगात, वजनात, वयात, घडणीत, की घरात किती पोरे आहेत त्या बाबतीत? अलंकारांचे खोके घेऊन कादंबरी वाचणारी समीक्षा मला एरवी आवडत नाही, पण येथे त्या खोक्याचा उपयोग होतो.

आयझॅक असिमोव्ह यांच्या रोबोकादंबऱ्यांत टाऊ सेटीभोवतीच्या ग्रहाचे नाव आहे ‘ऑरोरा’, म्हणजे उषा. पृथ्वीबाहेर गेलेल्या माणसांची ही पहिली वसाहत. १९८३ च्या ‘द रोबोट्स ऑफ डॉन’ मध्ये इलायजा बेली हा पृथ्वीवरचा गुप्त पोलीस तेथे जातो तो एका रोबोच्या ‘खुना’चा तपास करायला. बेलीचा जन्म पृथ्वीवरच्या छत घातलेल्या महानगरात गेलेला. उघड्या आभाळाचीच त्याला भीती वाटते. कादंबरीतला मला सर्वांत आवडणारा प्रसंग वादळाचा आहे. बेली रोबोंना दूर पाठवून एकटा पावसात बाहेर पडतो आणि कोसळतो. खुनाच्या तपासापेक्षा, रोबोंच्या नियमांच्या काथ्याकुटापेक्षा (तो या पुस्तकात जरा जास्तच आहे) ही दोन-चार पाने लक्षात राहतात.

पण नीट पाहिले तर त्या वादळाला टाऊ सेटीची गरजच नाही. बेली घाबरतो तो परक्या आभाळाला नव्हे, आभाळालाच. पृथ्वीवरच्या पावसात उभा केला असता तरी तो असाच पडला असता. किरकोळ तपशील सोडले तर ऑरोराचा सूर्य हा छताबाहेरचा कोणताही सूर्य आहे. असिमोव्ह यांना परका समाज हवा होता. तो त्यांनी बारकाईने रंगवला, आणि परका सूर्य मागच्या पडद्यासारखा टांगून ठेवला. ही चूक आहे असे मी म्हणणार नाही. मात्र आमच्या स्पर्धेतल्या दरवानाचा मूळपुरुष येथे भेटतो, एवढे खरे.

अर्सुला ले ग्विन यांची ‘द डिस्पझेस्ड’ १९७४ ची, म्हणजे नऊ वर्षे आधीची. आणि या बाबतीत कितीतरी पुढची. टाऊ सेटीभोवती दोन जुळी जगे, ऊरास आणि अनारेस. प्रत्येक दुसऱ्याचा चंद्र. ऊरास हिरवे, श्रीमंत, विषम. अनारेस कोरडे, उजाड आणि सत्तेवाचून चालणारे. अनारेसचा पदार्थवैज्ञानिक शेवेक ऊरासला जातो. त्याचे जाणे आणि त्याचे आधीचे आयुष्य अशी आलटून पालटून प्रकरणे चालतात. या कादंबरीच्या राजकीय बाजूवर पुष्कळ लिहिले गेले आहे, मी त्यात भर घालत नाही. माझे लक्ष गेले ते एका साध्या गोष्टीकडे. शेवेकच्या लेखी टाऊ सेटी असा कोणी नाहीच. त्याच्या माथ्यावर आहे तो ‘सूर्य’. तो कोणासारखाही नाही. त्याची तुलना करायला त्याच्याकडे दुसरे काही नाही आणि त्याला गरजही वाटत नाही.

मग शेवटाकडे पृथ्वीच्या वकिलातीतली राजदूत भेटते, आणि आपले डोळे उघडतात. तिची पृथ्वी माणसांनीच उजाड केलेली आहे. तिला ऊरास म्हणजे जवळजवळ स्वर्ग वाटतो. शेवेकला त्याच ऊरासमध्ये नरक दिसलेला आहे. येथे उपमेचे पारडे उलटते. आतापर्यंत पृथ्वी हे उपमान होते, परकी जगे तिच्याशी ताडून पाहायची. आता पृथ्वीच उपमेय झाली, आणि तुलनेत फिकी पडली. जुने आलंकारिक याला प्रतीप म्हणतील. ले ग्विन यांनी हे कोठेही घोषणा न देता केले आहे. आपण पाने उलटत असतो, शेवेकच्या सूर्याला ‘सूर्य’ म्हणायची सवय लागते, आणि मग कोणीतरी आपल्याच सूर्याचा उल्लेख दूरचा एक तारा म्हणून करते, तेव्हा क्षणभर अपमान झाल्यासारखे वाटते. मला तरी वाटले.

अपमानाचा विषय निघालाच आहे तर एक सांगतो. आमच्याकडच्या साहित्यसंमेलनांना बाहेरून पाहुणे येतात. परतताना त्यांतला एखादा मोठ्या प्रेमाने म्हणतो, ‘अहो, तुमची मराठी अगदी आमच्यासारखीच आहे!’ आपण हसून नमस्कार करतो. हेतू निर्मळ असतो यात शंका नाही. पण वाक्याची ठेवण पाहा. मापपट्टी त्यांच्या हातात आहे, आणि ती त्यांच्याकडेच का, हे विचारायचे कोणाला सुचत नाही.

मापपट्टीवरून आठवले. कादंबऱ्या थोडा वेळ बाजूला ठेवून खगोलशास्त्रज्ञांकडे जायला हवे. कारण ‘सारखा’ या शब्दाशी त्यांनी जी झटापट केली आहे तिच्यापुढे आम्हा समीक्षकांची शब्दमीमांसा पोरखेळ वाटते. एकोणिसाव्या शतकात फादर सेकी यांनी वर्णपटावरून ताऱ्यांचे वर्ग पाडले तेव्हा सूर्याच्याच वर्गात स्वाती आणि ब्रह्महृदय यांनाही बसवले. आज आपल्याला ठाऊक आहे की हे दोन्ही तारे सूर्याच्या कितीतरी पट मोठे, फुगलेले. पुढे वर्ग बारीक झाले, पण अडचण राहिली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जूझा केरेल द स्ट्रोबेल या विदुषींनी प्रश्न नेमका केला: सर्व मोजमापांत सूर्याशी इतका जुळणारा तारा, की वेगळा ओळखता येऊ नये, असा एखादा तरी आहे का? सूर्यासारखे, सूर्याशी बरेच जुळणारे आणि सूर्याचे जुळे अशा तीन पायऱ्या रूढ झाल्या. १९९६ साली त्यांनी या शोधाचा सविस्तर आढावा प्रसिद्ध केला. त्याचे शीर्षक अगदी साधे होते, सूर्याशी साम्य असणारे तारे. या पायऱ्यांवर आपला टाऊ सेटी पहिल्याच पायरीवर अडकतो.

दुसऱ्याच वर्षी, १९९७ मध्ये, ब्राझीलचे पोर्तो दि मेलो आणि दा सिल्व्हा यांनी वृश्चिकेतला १८ स्कॉर्पिआय हा तारा पुढे केला. अंतर सुमारे ४६ प्रकाशवर्षे, स्वच्छ काळोखात नुसत्या डोळ्यांना कसाबसा दिसेल इतका मंद. वस्तुमान सूर्याहून किंचितच जास्त, तापमानातला फरक पन्नासेक अंशांचा. जुळा सापडला म्हणेपर्यंत फरक दिसू लागले. त्याच्यात लिथियम सूर्याच्या सुमारे तिप्पट. सूर्यावरच्या डागांचे चक्र अकरा वर्षांचे, तर त्याचे सातेक वर्षांचे. २००७ साली कालेय समूहातला, सुमारे २०० प्रकाशवर्षांवरचा दुसरा एक तारा मेलेंदेझ आणि रामिरेझ यांनी दाखवला. त्याचे लिथियमही सूर्यासारखेच कमी. त्याला नाव नाही, यादीतला क्रमांक आहे. सर्वांत जास्त सारखा तारा बिननावाचा, आणि कादंबऱ्यांत मिरवतो टाऊ सेटी.

या शोधातली मला सर्वांत रोचक वाटलेली गोष्ट वेगळीच आहे. जुळा ठरवायचा तर आधी सूर्य कसा आहे हे त्याच दुर्बिणीने, त्याच उपकरणाने मोजायला हवे. आणि सूर्य मोजता येत नाही! तो फार जवळ आहे, फार प्रखर आहे. रात्रीच्या मंद ताऱ्यांसाठी केलेली उपकरणे त्याच्यापुढे धरता येत नाहीत. सूर्याचा साधा रंग किती, या प्रश्नावर शास्त्रज्ञ वर्षानुवर्षे वाद घालत राहिले ते यामुळेच. त्यावर तोड अशी काढली की सूर्याकडे पाहायचेच नाही. एखाद्या लघुग्रहावरून परतलेला त्याचा उजेड पाहायचा. मेलेंदेझ आणि सहकाऱ्यांनी चिलीतल्या मोठ्या दुर्बिणीतून ११ जुळ्यांचे वर्णपट घेतले आणि त्यांच्या शेजारी सूर्य म्हणून मांडला तो व्हेस्टा या लघुग्रहावरून आलेला प्रकाश. २००९ साली निष्कर्ष आला: आपल्या जुळ्यांच्या मानाने सूर्यच थोडा वेगळा आहे. सहज वाफ न होणारी, खडकांत जाणारी मूलद्रव्ये सूर्यात सुमारे वीस टक्क्यांनी कमी भरली. ती कोठे गेली? पृथ्वीसारखे खडकाळ ग्रह घडवण्यात खर्ची पडली असावीत, असा तर्क त्यांनी केला. तर्कावर वाद आहे, इतर कारणेही पुढे आली आहेत. मला मात्र हा तर्क खरा ठरावा असे वाटते, याचे कारण शास्त्रीय नाही.

म्हणजे सूर्य ‘एक सामान्य तारा’ आहे हे जे वाक्य आपल्याकडच्या प्रत्येक लोकप्रिय खगोलग्रंथात असते (मी स्वतः व्याख्यानांत शेकडो वेळा म्हटले आहे), तेही तपासून घ्यायला हवे. आकाशगंगेतले सुमारे तीन-चतुर्थांश तारे तांबडे खुजे आहेत. सूर्याच्या वर्गातले शंभरांत सात-आठ. २०२० साली केप्लर दुर्बिणीच्या नोंदींवरून सूर्याशी जुळणाऱ्या ३६९ ताऱ्यांची तुलना प्रसिद्ध झाली, तीत सूर्य त्यांच्या मानाने फारच शांत, कमी चंचल असा आढळला. दुसरीकडे १९९५ मध्ये मायोर आणि केलो यांना ५१ पेगासी या बऱ्याचशा सूर्यासारख्या ताऱ्याजवळ पहिला ग्रह सापडला. तो गुरूच्या जातीचा, आणि ताऱ्याला सव्वाचार दिवसांत प्रदक्षिणा घालणारा. यजमान ओळखीचा निघाला, घर अगदीच अनोळखी. कथालेखकांनी हे एवढे तरी ध्यानात घ्यायला हरकत नाही. तारा सारखा असला की त्याच्या अंगणातले सगळे सारखे असेल, असे कोणी सांगितले?

अँडी वीअर यांच्या २०२१ च्या ‘प्रोजेक्ट हेल मेरी’ बद्दल थोडक्यात. सूर्याला एक सूक्ष्म जीव लागला आहे आणि तो मंद होत चालला आहे. आसपासचे तारेही मंदावत आहेत, फक्त टाऊ सेटी धडधाकट. का, हे पाहायला रायलंड ग्रेस हा शाळामास्तर जातो. कादंबरी वेगवान आहे, हिशेब चोख आहेत, एका रात्रीत वाचून होते आणि फारसा गाळ मागे राहत नाही. तरी तिच्यात एक गोष्ट वीअर यांनी अचूक पकडली आहे. टाऊ सेटी येथे महत्त्वाचा आहे तो एका बाबतीत इतरांसारखा नाही म्हणून. आणि ग्रेसला जो जिवाभावाचा दोस्त भेटतो तो रॉकी सूर्यासारख्या ताऱ्याचा नव्हेच. ४० एरिडनी या वेगळ्या ताऱ्याच्या दाट वातावरणाच्या, काळोख्या ग्रहावरचा तो जीव. त्याला डोळेच नाहीत, उजेड त्याला दिसत नाही. मैत्री जुळते ती दोघेही दुरुस्ती करणारी माणसे (रॉकीलाही माणूस म्हणावेसे वाटते) आहेत म्हणून. साधारणधर्म कोठे शोधावा हे या लेखकाला बरोबर कळले आहे. भाषेत तो शोध उतरत नाही, हे त्याचे उणे.

किम स्टॅनली रॉबिन्सन यांची २०१५ ची ‘ऑरोरा’ सर्वांत शेवटी घेतली, कारण तिच्याशी माझे भांडणही आहे आणि तिच्यापुढे मी नमतोही. पिढ्यान्‌पिढ्या चालणारे एक यान दीडशेहून अधिक वर्षांनी टाऊ सेटीला पोचते. २०१२ साली या ताऱ्याभोवती पाच ग्रह असल्याचा दावा झाला होता, त्यांची अक्षरेच रॉबिन्सन यांनी वापरली आहेत. (२०१७ च्या मोजणीत त्या पाचांतले तीन गळाले आणि दोन नवे आले, उरलेल्यांबद्दलही शंका घेतल्या गेल्या. कादंबरीने ग्रहांवर विसंबू नये!) चौथ्या ग्रहाच्या चंद्राला ते ऑरोरा म्हणतात. असिमोव्ह यांचेच नाव, मग ते जाणून घेतलेले असो वा नसो. उजेड बरा आहे, हवा श्वास घेण्याजोगी, समुद्र आहे. माणसे उतरतात आणि मरू लागतात. तेथल्या मातीत जीव म्हणावा की नाही अशी काहीतरी वस्तू आहे, ती त्यांना बाधते. पुढे एक पात्र साधा हिशेब मांडते. जग जिवंत असेल तर त्याचा जीव आपल्याला विष, मेलेले असेल तर त्याला जिवंत करायला लागणारा काळ आपल्याजवळ नाही. काहीजण तेथेच थांबून दुसरी जागा पाहायचे ठरवतात, बाकीचे परत फिरतात.

गोष्ट सांगतो तो यानाचा संगणक. यानाची मुख्य अभियंता देवी त्याला सांगते, आपल्या प्रवासाचा वृत्तान्त लिही. तो लिहू लागतो आणि पहिल्या झटक्यातच अडखळतो: काय सांगावे, काय गाळावे? आणि ही माणसे सतत एका वस्तूला दुसरी वस्तू का म्हणतात? रूपक त्याला खोटे वाटते, उपमा त्याला अपुरी वाटते. या चिंतनाची पाने काहींना रुक्ष वाटली असतील. मला वाटते, कादंबरीचे मर्म तेथेच आहे. एका ‘सारखा’ या शब्दावर भरवसा ठेवून हे लोक १२ प्रकाशवर्षे आले. त्यांच्या पूर्वजांनी लुप्तोपमा केली आणि गाळलेल्या साधारणधर्माची किंमत नातवंडांनी मोजली. संगणकाची भाषाविषयक शंका आणि किनाऱ्यावर मरणारी माणसे हे एकच प्रकरण आहे.

परतीचा प्रवास लांबतो. वेग कमी करायला पुरेसे इंधन नाही, म्हणून यान सूर्याला आणि ग्रहांना घिरट्या घालत वर्षानुवर्षे आपला वेग उतरवते, माणसांना पृथ्वीकडे सोडते, आणि शेवटच्या फेरीत सूर्याच्या फार जवळून जाताना जळते. निवेदकच जळतो. एवढी कादंबरीभर उपमेला बिचकणारा निवेदक ज्याच्यात विरघळतो तो सूर्य कोणासारखाही नाही. शाळेत शिकलेला अनन्वय अलंकार, वस्तूला वस्तूचीच उपमा, मला इतका कधी कळला नव्हता.

भांडण आहे ते त्यानंतरच्या भागाशी. यानात जन्मलेली, देवीची मुलगी फ्रेया पृथ्वीवर येते, तिला उघड्या आभाळाची भीती वाटते. बेलीचीच भीती, बत्तीस वर्षांनंतर. पण बेली कोसळतो तेव्हा आपण त्याच्याबरोबर असतो. फ्रेयाला लेखक शेवटी समुद्रावर नेतात, लाटांत घालतात, वाळूशी तिची गाठ घालून देतात. आयुष्यात पहिल्यांदा जिच्यावर ऊन पडले तिला ते आपले वाटेल असे रॉबिन्सन गृहीत धरतात. का वाटावे? तिचा उजेड तर यानातल्या दिव्यांचा. पृथ्वीला घर म्हणायची घाई तिला नाही, लेखकाला आहे. ज्या घाईवर सगळी कादंबरी टीका करते ती शेवटच्या पानांत मागच्या दाराने आत आली आहे. फ्रेया जर त्या किनाऱ्यावर म्हणाली असती की हाही त्याच्यासारखा दिसतो पण तो नव्हे, तर ही कादंबरी ले ग्विनच्या शेजारी बसली असती. आज ती एक पायरी खाली आहे.

चारही पुस्तके मिटल्यावर मी स्पर्धेच्या संयोजकांना फोन केला आणि त्या कथेची प्रत मागितली. हस्तलिखिते ज्याची त्याला परत केली होती. लेखिकेचा पत्ता त्यांनी शोधून दिला, मी तिला पत्र लिहिले. ‘गत’ तसाच ठेवा, असे लिहिले. कारणही लिहिले. ‘सारखा’ म्हटले की दोन वस्तू शेजारी ठेवून मापल्याचा भास होतो. ‘त्याच्यागत’ म्हणणारी आजी माप घेत नाही, तिला नुसती आठवण होते आणि त्याच श्वासात ती नाही म्हणते. दोन्ही एकदम म्हणायची सोय माझ्या प्रमाण मराठीत मला सापडली नाही. शेरा लिहिताना हे सुचले नाही, याबद्दल माफीही मागितली. शेवट मात्र नव्याने लिहायला हवा, हेही लिहिले. माफी मागितली म्हणून परीक्षकाचे काम सोडता येत नाही.

तिचे उत्तर आले. शेवट तिलाही पटलेला नव्हता. तिने विचारले होते, आजीला तेथून आपला सूर्य दिसेल का, आणि कोठे?

ही गोष्ट मला ठाऊक होती, म्हणून लगेच कळवली. दिवाळीच्या अमावास्येला, फटाक्यांचा धूर ओसरल्यावर, रात्री अकरा-बाराच्या सुमारास दक्षिणेकडे तोंड करून उभे राहावे. माथ्याजवळच्या भाद्रपदांच्या चौकोनातले उत्तराभाद्रपदाचे दोन तारे जोडून ती रेषा खाली दक्षिणेकडे नेली की तिमिंगलातला एक ठळक तारा लागतो. त्याच्या डावीकडे, पूर्वेला, वीतभर अंतरावर जो मंद तारा आहे तो टाऊ सेटी. आजी तेथे आहे असे धरले तर तिला आपला सूर्य नेमका उलट दिशेला शोधावा लागेल, भूतप समूहात, स्वातीच्या आसपास. तिसऱ्या प्रतीचा, आपल्याला हा टाऊ सेटी दिसतो त्याहून थोडा उजळ. अर्थात तिचा तो दुसरा मावळल्याशिवाय दिसणार नाही. तांब्या घेऊन रात्री बाहेर यावे लागेल.